दम की धीर? पुण्याजवळचे चार अर्ध्या दिवसाचे गड

"सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी, पण घाम निघाला पाहिजे." ओळखीतलं कोणी ना कोणी ही अट घालून मला गड विचारतं. मी गडाचं नाव सांगण्याआधी उलट प्रश्न करतो: गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बघताना पायात मुंग्या येतात का? आणि लिफ्ट बंद असेल तर चौथा मजला न थांबता चढता का?

दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत, कारण छोटे गड दोन तऱ्हांनी अवघड असतात. काही दम काढतात, काही धीर बघतात. 'सोपा, मध्यम, कठीण' या शिक्क्यांत हे दोन्ही एकत्र कालवलं जातं. मग रोज दहा किलोमीटर पळणारा माणूस तुंगाच्या शेवटच्या टप्प्यावर खडकाला मिठी मारून बसलेला दिसतो, आणि उंचीचं काडीचंही भय नसलेला पोरगा सिंहगडाच्या अर्ध्या वाटेवर लिंबू सरबताच्या टोपलीपाशी फतकल मारतो.

आकड्यांचाही एक घोळ आहे. तिकोना साधारण १०६६ मीटर, तुंग १०७५, विसापूर १०८४, सिंहगड १३१२. पण ही उंची समुद्रसपाटीपासूनची, आणि पुणं स्वतःच साडेपाचशे मीटरवर बसलंय. आपल्या पायांना मतलब पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या चढाशी. तसं मोजलं तर तिकोना आणि तुंग तीनशे-साडेतीनशे मीटरचे, विसापूर मळवली स्टेशनहून साडेचारशे-पाचशेचा, आणि ज्याला आपण 'घरचा गड' म्हणतो तो सिंहगड पायथ्याच्या आतकरवाडीतून जवळजवळ सहाशेचा. म्हणजे तिकोन्याच्या पावणेदोनपट.

सिंहगड अवघड आहे असं म्हटलं की पुणेकर हसतात. तिथे पिठलं-भाकरी मिळते, गाडी वर जाते, आजोबा रोज जातात. आजोबा जातात हे खरंच. रविवारी सहाला आतकरवाडीतून निघालात तर अर्ध्या तासात पासष्टीचे एक गृहस्थ काठी न टेकता तुम्हाला मागे टाकतील आणि वर "चला, चला" असंही म्हणतील. पण ते वीस वर्षं चढताहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला ही वाट श्वास घ्यायला देत नाही. सपाटी अशी नाहीच, नुसता चढ. भीतीची जागा मात्र एकही नाही. म्हणून दम जोखायला याच्याइतका चांगला गड नाही. न पळता एका तासात पुणे दरवाजा गाठलात तर तब्येत उत्तम आहे. दीड तास लागला तरी लाज वाटायचं कारण नाही, पण तोरण्यासारख्या मोठ्या गडाचा विचार पुढच्या हंगामावर टाका.

सिंहगडाची खरी गंमत उतरताना कळते. हजारो पावलांनी वाटेतले दगड गुळगुळीत झालेत आणि त्यांवर बारीक मुरूम पसरलेला असतो. पोटात दही, पिठलं आणि दोन भाकऱ्या असताना त्यावरून उतरणं हा वेगळाच खेळ. माझा नियम साधा आहे: वर देवटाक्याचं पाणी आणि ताक, जेवण खाली. सुट्टीच्या दिवशी घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते तेव्हा पायी आलेला माणूस आधी घरी पोचतो, हा वरचा फायदा. शिवाय पीएमपीची बस थेट पायथ्याला सोडते.

तिकोना म्हणजे वितंडगड. त्याची मांडणी उलटी आहे. तिकोना पेठेतून निघालं की पहिला अर्धा तास फिरायला आल्यासारखा जातो. वेताळ दरवाजा, पायाखाली राक्षसीण दाबून उभा असलेला चपेटदान मारुती, चुन्याचा घाणा, असं बघत बघत आपण गप्पांत रमलेले असतो. मग कातळात खोदलेल्या पायऱ्या समोर येतात आणि गप्पा बंद होतात. पायरी एवढी उंच की गुडघा छातीला लागतो, रुंदी दोघांपुरतीही नाही. वरून उतरणारी मंडळी बसून, एक एक पायरी सरकत येतात. भिंतीला आधाराला दोर लावलेला असतो, पण हात दोरावर आणि नजर पुढच्या पायरीवर ठेवायची, खाली नाही. हे सगळं जेमतेम दहा मिनिटांचं. धीर पहिल्यांदाच तपासायचा असेल तर मात्रा बरोबर आहे: भीती वाटते, पण भिंत दोन्ही बाजूंनी जवळ असते, पडायला मोकळा कडा नसतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन जायचं असेल तर मी डोळे मिटून हाच सुचवीन, फक्त नोव्हेंबरात आणि सकाळी लवकर. उशीर झाला की त्या पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात, आणि भीतीपेक्षा कंटाळाच जास्त येतो.

तुंग पवना जलाशयापलीकडून शंकूसारखा दिसतो आणि बघताक्षणी पोटात गोळा येतो. त्याचं दुसरं नाव कठीणगड; गड नावाला जागतो, पण लोक सांगतात तितका नाही. तुंगवाडीतून पाऊण तास पुरतो, आणि त्यातली अर्धी वाट डोंगराला वळसा घालत जाणारी आहे. गोमुखी दरवाजा ओलांडला की छोटी सपाटी आणि गणपतीचं देऊळ लागतं. सामान्यतः लोक इथेच बसतात आणि "झाला गड" म्हणतात. खरा तुंग इथून वर आहे. तुंगीदेवीच्या माथ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा अरुंद, उघडा, आणि बाजूला धरायला काही नाही.

इथे सगळं मोसमावर आहे. एका एप्रिलमध्ये मी तळवे झिजलेले बूट घालून गेलो. कातळावर मुरूम असा पसरलेला होता की ज्वारीचं पोतं फुटलंय असं वाटावं. चढताना काही जाणवलं नाही. उतरताना पहिल्याच पावलाला पाय सुटला, दोन हात घसरलो आणि गवताच्या बुडख्याला धरून थांबलो. तळहाताची साल गेली, बाकी काही नाही. त्यानंतरचा सगळा टप्पा मी तोंड डोंगराकडे करून, शिडी उतरतात तसा उतरलो. तेव्हापासून तुंग म्हटलं की मी ऑक्टोबर ते जानेवारी हेच महिने सांगतो: गवतानं माती धरून ठेवलेली असते आणि पावसाचं शेवाळं वाळलेलं असतं. पायात मुंग्या येणाऱ्यांनी गणपतीपर्यंत जावं, पवनेचं पाणी बघावं, परतावं. त्यात काही कमीपणा नाही. तुंगाची दुसरी अडचण म्हणजे स्वतःची गाडी नसेल तर जाणं-येणं अवघड. गाडी असेलच तर सकाळी तिकोना करून उन्हं चढायच्या आत तुंग उरकता येतो, मात्र मग दुपारचं जेवण घरी ही अट सोडावी लागते.

गाडी नसणाऱ्यांसाठी विसापूर. लोणावळा लोकल, मळवलीला उतरायचं, भाजे गावातून इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली लेणी डाव्या हाताला बघत पुढे. खऱ्या पावसात विसापुराला तोड नाही. वर जाणारी एक वाट घळीतल्या पायऱ्यांची आहे आणि जुलैत त्या पायऱ्यांवरून ओढा वाहतो. पाणी गुडघ्यापर्यंत, खाली पाऊल ठेवायची जागा दिसत नाही, ती तळव्यानं चाचपून शोधायची. दम आणि धीर दोन्ही थोडे थोडे लागतात, आणि दोन्ही ओले होतात. पाण्याला जोर असेल तर ही घळ चढू नका. लोहगड आणि विसापूर यांमधल्या गायमुख खिंडीच्या बाजूनं या किंवा सरळ लेण्यांवरून माघारी फिरा.

या गडाचा धोका वर पोचल्यावर सुरू होतो, आणि हे फार कमी लोक सांगतात. माथा अफाट पसरलेला आहे. धुकं उतरलं की दहा पावलांवरची तटबंदी गायब होते. मी एकदा तासभर चालून पुन्हा त्याच टाक्यापाशी आलो होतो. उपाय एकच: तट उजव्या हाताला धरला तर शेवटपर्यंत उजव्याच हाताला ठेवायचा.

शेजारचा लोहगड का नाही, असं विचाराल. तो सुंदर आहे, विंचूकाटा ही त्याची लांब, निमुळती माची बघण्यासारखी आहे, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत तो आहे. पण पायथ्यापासून बांधीव पायऱ्या आणि रविवारची गर्दी यांमुळे घाम निघण्याआधी रांग लागते. विसापूर त्याच्याहून उंच. १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगडाला थारा उरला नाही. तेव्हा विसापुराच्या तटावर बसून लोहगडावरची गर्दी बघावी, यात इतिहासाचीही साथ आहे.

तोरणा मी मुद्दाम बाहेर ठेवलाय. १४०३ मीटर, वेल्ह्यातून सातशे मीटरच्या आसपास चढ, वर जायलाच अडीच-तीन तास. कातळाच्या टप्प्यावर रेलिंग आहे म्हणून धीर निभावतो, पण दम पूर्ण लागतो. दुपारी जेवायला घरी हे गणित त्यात बसत नाही.

आता माझा कौल. गच्चीच्या कठड्याशी मुंग्या येत असतील तर सिंहगड, आणि एकदा चढून समाधान झालं नाही तर खाली येऊन परत चढा. असे दोनदा-तीनदा चढणारे तिथे दर रविवारी भेटतात. दम बरा आहे पण कड्याची सवय नाही, तर तिकोना. दोन्ही ठीक असेल आणि महिना डिसेंबर असेल तर तुंग. भिजायचंच असेल तर विसापूर, पण निघण्याआधी त्या आठवड्यात वनविभागाची किंवा जिल्हा प्रशासनाची बंदी नाही ना, हे बघून. मार्च ते मे यांतलं काहीही करायचं तर नऊपर्यंत माथ्यावरून खाली निघालेलं असावं. माणशी दोन लिटर पाणी, आणि कपाऱ्यांतल्या आग्या मोहोळांमुळे अत्तर, डिओ घरी. बूट नवे असतील तर आधी आठवडाभर पुण्यातल्या वेताळ टेकडीवर वापरून घ्या, नाहीतर उतरताना अंगठ्याची नखं काळी पडतात.