"परदेशातलं कर्ज आहे, सोडून द्या" म्हणणाऱ्यांचं ऐकण्याआधी हे वाचा

"अगं, मेक्सिकोतलं कर्ज आहे ना? मग भरणं बंद करा. ते काय न्यू जर्सीत येऊन वसुली करणार आहेत?" मेक्सिकोत घेतलेल्या टाइमशेअरच्या (रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा राहण्याचा विकत घेतलेला हक्क) कर्जाबद्दल हे मला ओळखीच्यांनी ऐकवलं, मंडळाच्या गणपतीत ऐकवलं, आणि शेवटी 5,500 डॉलर घेऊन एका कंपनीनं ऐकवलं. आज आमच्या दोघांचाही क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज द्यायला माणूस किती भरवशाचा हे सांगणारा आकडा, सहाशेच्या खाली आहे. माझा 781 होता, तो 588 झाला. ठरलेलं घर हातातून गेलं. रिसॉर्टचं आणि बाकी कुणाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. आकडे मात्र सगळे खरे देतेय.

टाइमशेअर कसा गळ्यात मारतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ते थोडक्यात. एप्रिल 2022, ईस्टरची सुटी, कॅनकून. विमानतळावर कस्टम्समधून बाहेर पडलं की एक हॉल लागतो. तिथं गणवेश घातलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं "तुमची गाडी इकडे" म्हणून हाका मारत असतात. ती ना विमानतळाची असतात, ना तुमच्या गाडीची. चिचेन इत्साची सहल फुकट, बदल्यात दुसऱ्या दिवशी नाश्ता आणि नव्वद मिनिटांचं प्रेझेंटेशन. नवरा-बायको दोघंही हवेत आणि क्रेडिट कार्ड सोबत हवं, अशी अट. जिथं काही विकायचं नाही म्हणतात तिथं कार्ड कशाला लागतं, हा प्रश्न तुम्ही विचारा आणि सरळ चालू लागा.

नव्वद मिनिटांचे पाच तास झाले. 62,000 डॉलरवरून किंमत उतरत उतरत 24,900 वर आली. सेल्समननं सुरुवातीलाच माझ्या सासूबाईंचं नाव विचारून घेतलं होतं. पुढं प्रत्येक वेळी आम्ही नाही म्हटलं की तो त्यांचं नाव घेऊन म्हणायचा, त्या भारतातून आल्या की त्यांना समुद्रासमोरच्या खोलीत ठेवायचं नाही का? आम्ही 4,980 डॉलर कार्डावर भरले, वर 495 डॉलर प्रोसेसिंग फी. उरलेले 19,920 डॉलर कर्ज, 13.9 टक्के व्याज, 84 हप्ते, दरमहा 372.20. म्हणजे सगळे हप्ते भरले असते तर नुसतं व्याजच 11,344.80 डॉलर. शिवाय दर जानेवारीत मेंटेनन्स, पहिल्या वर्षी 1,140.

आता कुणी विचारेल, सही केलीच का? आम्ही दोघंही शिकलेली माणसं आहोत, मी स्वतः अकाउंट्समध्ये काम करते, मला कागद वाचता येतो. पण पाच वर्षांचा मुलगा भुकेनं रडत होता, हॉटेलवर परत न्यायची गाडी त्यांचीच होती, आणि समोर जाडजूड करार होता. माणूस दमला की सही करतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. सगळी व्यवस्था त्याच्यावरच उभी आहे.

सह्या घ्यायला सेल्समन नसतो, वेगळी बाई येते. शांत आवाज, निळं पेन, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात छोटा चौकोन. तिथं इनिशियल करायची, की ती पान उलटणार. एका फॉर्मवर तिनं आमचे सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेत क्रेडिटची माहिती याच नंबरानं काढतात) लिहायला सांगितले. नवऱ्यानं विचारलंसुद्धा, मेक्सिकोतल्या सदस्यत्वाला हा नंबर कशाला? ती म्हणाली, ओळख पटवायला, सगळे अमेरिकेतले पाहुणे देतात. त्याच पानावर तळाशी, बारीक अक्षरात, कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव आणि पत्ता होता. तो पत्ता अमेरिकेतला होता. रिसॉर्ट मेक्सिकोचं, करार मेक्सिकोचा, आणि कर्ज मात्र अमेरिकेतल्या फायनान्स कंपनीचं.

त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत नवऱ्याच्या फोनवर सूचना आली की तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर नवीन चौकशी झाली आहे, म्हणजे कर्ज देणाऱ्या कुणीतरी तो रिपोर्ट मागवला आहे. हे आठवलं की अजून माझ्या अंगाची लाही लाही होते. तेव्हा करार रद्द करता येत होता! आदल्याच आठवड्यात आम्ही नवीन क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला होता, त्यामुळे चौकशी त्याचीच असं आम्हाला वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं. सूचना उघडून कंपनीचं नाव बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं कळलं असतं. म्हणून सांगते, प्रवासात असताना अशी सूचना आली तर ती त्याच मिनिटाला उघडा. झोपायच्या आधी.

कारण मेक्सिकोच्या ग्राहक कायद्यात सहीपासून कामाचे पाच दिवस मिळतात. त्या मुदतीत कारण न देता करार रद्द करता येतो आणि भरलेले पैसे परत मागता येतात. हा हक्क सोडून दिल्याच्या कागदावर तुमची सही घेतली, तरी तो हक्क जात नाही. आमच्याकडून असा एक कागद घेतला होता: "सदस्यत्वाचा लाभ घ्यायला सुरुवात केली आहे." शिवाय तोंडी सांगितलं की रद्द करायचं तर याच टेबलाशी समक्ष यावं लागेल. साफ खोटं. रजिस्टर्ड पत्रानं कळवता येतं. हे सगळं मला पुढच्या वर्षी कळलं, तोवर कागद बॅगेतून कपाटात गेले होते. फ्लोरिडात घेतलंत तर दहा दिवस मिळतात, तेव्हा ऑर्लँडोला जाणाऱ्यांनी तो आकडा लक्षात ठेवा. ईमेलवर विसंबू नका. पोच मिळेल असं पत्र पाठवा आणि पोच जपून ठेवा.

"मालकी" हा शब्द त्या टेबलावर सारखा कानावर पडत होता. मेक्सिकोत किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला थेट जमीन घेताच येत नाही. आम्हाला मिळाला तो वर्षातून एक आठवडा राहण्याचा हक्क, ठरावीक वर्षांसाठी. तो विकायला गेलात तर कुणी फुकटही घेत नाही. ख्रिसमसला बुकिंग मागितलं तर जागा नाही, उन्हाळ्यात मागितलं तर जागा नाही. एकदाही राहिलो नाही आम्ही तिथं.

जानेवारी 2023 मध्ये मेंटेनन्सचं बिल भरलं आणि ठरवलं, बास. तेव्हा भेटली ती "टाइमशेअरमधून सोडवणारी" कंपनी. फोनवर गोड बोलणं, पैसे परत मिळण्याची हमी, 5,500 डॉलर आगाऊ. त्यांनी सांगितलं, हप्ते थांबवा, कर्ज परदेशातलं आहे, क्रेडिटला धक्का लागणार नाही, रिसॉर्टशी आम्ही बोलतो, तुम्ही त्यांचे फोन उचलू नका. मी त्यांना करार आणि कर्जाचा कागद दोन्ही पाठवले होते. अमेरिकेतला पत्ता त्या कागदावर होता, त्यांनी तो पाहिला असणारच. तरीही हेच सांगितलं. मार्चपासून हप्ते थांबले. काही महिन्यांनी त्या कंपनीचा फोन लागेनासा झाला, मग वेबसाइटही गेली.

आगाऊ पैसे मागणाऱ्या आणि हप्ते थांबवायला सांगणाऱ्या कुणालाही एक डॉलर देऊ नका. हप्ता थांबवायचाच असेल तर आधी कर्जाचा कागद काढा आणि कर्ज नेमकं कुणी दिलंय ते बघा. कर्ज खरोखर रिसॉर्टनंच दिलं असेल तर ते इथल्या क्रेडिट ब्युरोंना (क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांना) कळवलं जाईलच असं नाही, आणि "काही होत नाही" म्हणणाऱ्यांचं सगळं ज्ञान तेवढ्यावरच आहे. पण तेच कर्ज उद्या इथल्या वसुली कंपनीला विकता येतं. आमच्यासारखं पहिल्यापासूनच इथल्या कंपनीचं असेल तर तीस दिवस उलटले की नोंद पडते. आमच्या रिपोर्टवर तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस अशा नोंदी ओळीनं पडत गेल्या, जुलैत "चार्ज ऑफ" झालं, म्हणजे कंपनीनं ते बुडीत कर्ज म्हणून लिहून टाकलं. मग कर्ज विकलं गेलं आणि वसुली कंपनीची आणखी एक नोंद आली. थकलेली रक्कम 18,429 डॉलर. दोघांच्याही नावावर, कारण सही दोघांची.

तोपर्यंत आम्हाला काहीच पत्ता नव्हता. फोन उचलायचे नाहीत असं सांगितलं होतं ना! घरासाठी ऑफर दिली, ती मंजूर झाली, मुलाची शाळा बघून ठेवली, आणि बँकेनं अर्ज फेटाळल्याचं पत्र पाठवलं. कारण म्हणून त्या फायनान्स कंपनीचं नाव. त्यानंतर गाडीचं कर्ज मिळालं तेही दुपटीहून जास्त दरानं. न्यू जर्सीत गाडीचा विमासुद्धा क्रेडिट बघून ठरवतात, तोही वाढला. पहिला हप्ता थकल्यापासून साधारण सात वर्षं या नोंदी राहतात, म्हणजे आम्हाला 2030 पर्यंत. कर्ज कितीदाही विकलं गेलं तरी ही सात वर्षं नव्यानं सुरू होत नाहीत. वसुलीवाले तसं भासवतात, विश्वास ठेवू नका. अॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट दर आठवड्याला फुकट मिळतात. ते बघत राहा. आम्ही बघत असतो तर एप्रिलमध्येच कळलं असतं, पण क्रेडिट कधी खराब नसलेला माणूस रिपोर्ट कशाला काढेल?

आणि दाद कुठं मागायची? कार्डाच्या बँकेला 4,980 डॉलरबद्दल लिहिलं. चुकीच्या बिलाची तक्रार स्टेटमेंट आल्यापासून साठ दिवसांत करायची असते, ती मुदत गेलेली. मालात खोट असेल तर वेगळा हक्क आहे, पण कायद्यानं तो आपल्या राज्यात किंवा घरापासून शंभर मैलांच्या आत केलेल्या खरेदीलाच लागतो. कॅनकून शंभर मैलांत नाही, असं मला फोनवर ऐकवलं गेलं. जणू मला माहीत नाही! इथल्या एका सरकारी खात्यानं सांगितलं, करार परदेशात झालाय, तिकडे जा. तिकडे लिहिलं तर उत्तर आलं, पाच दिवस उलटलेत आणि कर्ज अमेरिकी कंपनीचं आहे, तुमच्या देशात विचारा. पुन्हा इथं विचारलं तर, करारावर तुमची सही आहे, हा दिवाणी मामला, वकील करा. वकिलाची सुरुवातीची फीच 4,000 डॉलर. दुसऱ्या एका खात्याच्या पोर्टलवर तक्रार टाकली. फायनान्स कंपनीनं दोन ओळींचं उत्तर दिलं, "नोंद अचूक आहे," आणि खात्यानं फाईल बंद केली. एकानंही सोडवणाऱ्या कंपनीबद्दल काही केलं नाही. तिनं तर इथल्याच फोन नंबरवरून, इथल्याच बँक खात्यात पैसे घेतले होते! त्याला कुठला परदेश आडवा आला? पोलिसांनी रिपोर्ट लिहून घेतला आणि नंबर दिला. तो नंबर कुठंही चालला नाही. क्रेडिट ब्युरोकडे नोंदीवर हरकत घेतली, तीस दिवसांत तपास करायचा असतो, तर त्यांनी ज्यानं नोंद केली त्यालाच विचारलं आणि तो बरोबर म्हणाला, म्हणून बरोबर. तक्रारदाराला कुणी काही विचारतच नाही. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आपण मध्ये टोलवले जातो.

आतापर्यंत गेलेले पैसे: 4,980, 495, हप्त्यांचे 3,722, मेंटेनन्सचे 1,140 आणि सोडवणाऱ्यांचे 5,500. एकूण 15,837 डॉलर.

एवढ्यावर संपत नाही. आमचं नाव कुणाच्या तरी यादीत गेलंय. आता फोन येतात की तुमच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक मिळालंय, फक्त मेक्सिकोचा कर आधी भरा. भरू नका. अमेरिकेच्या अर्थखात्यानं 2023 मध्ये मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातल्या प्वेर्तो वायार्ता भागातल्या अशा फसवणुकीतल्या माणसांवर आणि कंपन्यांवर निर्बंध घातले. यामागे हालिस्कोचं ड्रग्ज कार्टेल आहे. एफबीआयच्या आकड्यांनुसार 2019 ते 2023 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 6,000 लोकांनी मेक्सिकोच्या टाइमशेअर फसवणुकीत जवळजवळ 30 कोटी डॉलर गेल्याची तक्रार केली. हे फक्त तक्रार करणारे. लाजेनं गप्प बसलेले किती असतील? मीही पुष्कळ दिवस गप्प होते. घर का घेतलं नाही, हे माहेरी सांगताना व्याजदर वाढले असं सांगत होते.

वसुली कंपनी आता 9,200 डॉलरवर मिटवायला तयार आहे. पण माफ होणाऱ्या 9,229 डॉलरवर आयकर बसू शकतो, कारण 600 डॉलर किंवा त्याहून जास्त कर्ज माफ झालं की आयकरासाठीचा 1099-सी फॉर्म येतो. आणि मिटवलं तरी जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत. "सदिच्छा म्हणून पन्नास डॉलर तरी भरा" असं ते फोनवर सांगतात. बऱ्याच राज्यांत एवढंसं भरलं तरी कोर्टात दावा लावायची मुदत नव्यानं मोजायला सुरुवात होते, म्हणून तेही भरलेले नाहीत. त्यांचं पहिलं पत्र आल्यावर तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली की कर्ज शाबीत करेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. तशी हरकत रजिस्टर्ड पत्रानं पाठवली आहे आणि मूळ कर्जाचा कागद, विक्रीचे सगळे कागद आणि हप्त्यांचा हिशोब मागितला आहे. अजून काही आलेलं नाही. ते येईपर्यंत फोनवर बोलणार नाही, जे काही असेल ते लेखी, हेही त्याच पत्रात कळवलंय.