एजंटाकडून परत आलेला पासपोर्ट

माझ्या धाकट्या भावाला आखातात नोकरी मिळत होती. पण पूर्वी एका देशाने व्हिसा नाकारून तसा शिक्का त्याच्या पासपोर्टवर मारलेला असल्याने आम्ही धास्तावलो आणि एका एजंटाकडे गेलो. "शिक्क्याचं मी बघतो, पासपोर्ट माझ्याकडे राहू द्या," एवढेच तो म्हणाला. त्या वाक्याचा अर्थ आम्ही तेव्हाच विचारायला हवा होता. तीन आठवड्यांनी पासपोर्ट व्हिसासह हाती आला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी व्हिसाचे पान पुन्हा पुन्हा पाहिले. बाकीची पाने कोणी चाळलीच नाहीत.

मुंबई विमानतळावर इमिग्रेशन अधिकाऱ्याने एक पान उजेडासमोर धरले आणि भावालाही पाहायला सांगितले. पासपोर्टच्या पानांवर त्याचा क्रमांक बारीक छिद्रांनी उमटवलेला असतो. त्या पानावरच्या छिद्रांतून दिसणारा क्रमांक भावाच्या पासपोर्टचा नव्हता. शिक्क्याचे पान काढून तेथे दुसऱ्या कोणाच्या तरी पासपोर्टमधले पान शिवले होते.

ही लबाडी रोखणे किती कठीण आहे, हे मला त्या दिवशी कळले. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली पुस्तिका खरी, नाव आणि फोटो खरे, बदललेल्या पानाचा कागदसुद्धा खराच. खोटी होती ती फक्त शिवण. नव्या ई-पासपोर्टमधील चिप धारकाची माहिती आणि फोटो जपते, परंतु मधले पान बदलले आहे का, हे तिला सांगता येत नाही.

पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम १२ नुसार पासपोर्टमधील नोंदींत अनधिकृत फेरफार करणाऱ्याला किंवा करवून घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पासपोर्ट ज्याच्या हातात सापडतो त्याच्यावरच पहिला संशय येतो. म्हणून कळकळीने सांगतो, परदेशी नोकरीसाठी एजंट गाठण्यापूर्वी त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा, पासपोर्ट देण्यापूर्वी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा आणि परत मिळताच प्रत्येक पान उजेडासमोर धरून छिद्रांचा क्रमांक जुळवा. आम्ही नोंदणी तपासली ती सगळे घडून गेल्यावर, आणि त्या यादीत आमच्या एजंटाचे नाव नव्हते.

त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. नोकरी गेली, पासपोर्ट पोलिसांकडे जमा आहे, आणि ते पान आपण बदलायला सांगितले नव्हते, हे भाऊ अजून प्रत्येक तारखेला सांगतो आहे.