विंडोजसोबत लिनक्स: ड्युअल बूट की व्हर्च्युअल मशीन?

विंडोज सोडवत नाही आणि लिनक्सही हवंय, तर मार्ग मुख्यतः दोन. डिस्कचे भाग पाडून दोन्ही सिस्टिम शेजारीशेजारी बसवायच्या, म्हणजे ड्युअल बूट; नाहीतर विंडोजच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये लिनक्स चालवायचं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. बहुतेक जण आधी वेगाची चौकशी करतात. मी आधी विचारेन: दोन्ही एकाच वेळी लागतात का?

लागत असतील तर ड्युअल बूटच्या नादी लागू नका. तिथे एका वेळी एकच सिस्टिम चालते. एक्सेल इकडे आणि कोड तिकडे असेल, तर दिवस रीस्टार्ट करण्यातच जाईल. व्हर्च्युअल मशीनमधलं लिनक्स बिघडलं तर जुन्या स्नॅपशॉटवर (आधी जतन केलेल्या स्थितीवर) परत जायचं, नकोसं झालं तर काढून टाकायचं. विंडोजला धक्का लागत नाही. भार पडतो तो रॅमवर. ८ जीबीत दोघांची ओढाताण होते, १६ जीबीत बरं चालतं. नुसतं टर्मिनल आणि प्रोग्रॅमिंगची साधनं हवी असतील तर एवढाही खटाटोप नको, डब्ल्यूएसएल २ पुरे, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय. त्यात खराखुरा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालतो.

गेम, थ्रीडी किंवा मशीन लर्निंगसाठी मात्र ड्युअल बूटच बरं, कारण ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने वापरता येतं. पण त्याच्या कटकटीही आहेत. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद केलेला संगणक खरं तर अर्धवट झोपलेला असतो, आणि लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देऊ शकतं. घड्याळ पुढेमागे होतं, कारण विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा. बूटच्या व्यवस्थेत बदल दिसला की ती मागितली जाऊ शकते. अपडेटचाही भरवसा नाही: ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांच्या ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरूच होईना.

म्हणून दुसरी एसएसडी बसवायला जागा असेल तर एकाच डिस्कचे तुकडे करू नका. लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क काढून ठेवा, म्हणजे दोघांचे बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्रॅम) एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. कोणती सिस्टिम सुरू करायची ते बूट मेनूमधून ठरवता येतं. एकच डिस्क असेल तर आधी बॅकअप, मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करणं, आणि शेवटी लिनक्स. लिनक्स आधी आणि विंडोज नंतर टाकलंत तर विंडोज स्वतःचा बूटलोडर पुढे करतं आणि लिनक्सचा बूटलोडर ग्रब दिसेनासा होतो.

डिस्कला हात लावण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे लिनक्स न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालवून, वायफाय, आवाज आणि स्लीप तपासा. वायफायच चालत नसेल तर निदान या संगणकावर व्हर्च्युअल मशीन घ्या. तिथे वायफाय विंडोज सांभाळतं, लिनक्सला त्याच्या ड्रायव्हरची गरजच पडत नाही.