यूटीसी की अखंड वेळ: ग्राउंड सॉफ्टवेअर लिहिण्याआधीची निवड

दिशादर्शक उपग्रहांच्या नियंत्रण केंद्राचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायला घेतलं, की भाषा कुठली, कंटेनर किती यावर आठवडेच्या आठवडे जातात. डेटाबेसमध्ये वेळ कुठल्या घड्याळाने नोंदवायची, हे मात्र पहिल्याच दिवशी कुणीतरी सहज ठरवून टाकतं. पुढे ते बदलणं जिवावर येतं. मी दोन्ही पद्धतींनी काम केलंय, म्हणून हा आढावा.

पर्याय दोन: यूटीसी, म्हणजे जगभर प्रमाण मानलेली वेळ, जिच्यात पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला अधूनमधून एक जादा ‘लीप सेकंद’ घालतात; किंवा तो लीप सेकंद न मानणारी अखंड वेळ, जशी जीपीएसची किंवा आपल्या भारतीय दिशादर्शक यंत्रणेची, नाविकची.

यूटीसीची बाजू खरोखर भक्कम आहे. रात्रपाळीच्या ऑपरेटरला पडद्यावर 18:40 दिसलं की साडेपाच तास मिळवून तो आपली वेळ मनातच काढतो. दुसऱ्या केंद्राशी फोनवर बोलणंही त्याच वेळेत चालतं. त्या जागी जीपीएसच्या आठवडे-सेकंदांच्या मोजणीतलं ‘आठवडा 1930, सेकंद 18’ असं दिसलं तर तो काय समजणार? रशियाची दिशादर्शक यंत्रणा ग्लोनास यूटीसीलाच धरून आहे, तीन तास पुढे ठेवून. तेव्हा यूटीसी निवडणारा चुकला असं मी म्हणणार नाही.

आठवडा 1930, सेकंद 18 म्हणजे 1 जानेवारी 2017, सांगलीत पहाटेचे बरोबर साडेपाच. माझं मत फिरलं ते तेव्हाच. साडेपाचच्या, म्हणजे यूटीसीतल्या मध्यरात्रीच्या, ठोक्याआधी यूटीसीत एक जादा सेकंद घातला गेला. मी विश्रामबागेतल्या घरून सरावाच्या यंत्रणेवर लक्ष ठेवून होतो. सर्व्हरचं घड्याळ एक सेकंद मागे आलं, बंद काही पडलं नाही, मी निर्धास्त झोपलो. दुपारी लॉग उघडला तर कमांड 23:59:59.8 ला गेलेली आणि तिची पोच 23:59:59.3 ला आलेली! वेळेनुसार क्रम लावणाऱ्या आमच्या प्रोग्रामने ती पोच बाजूला टाकली आणि कमांड पोचलीच नाही असं धरून पुन्हा पाठवली. सराव होता म्हणून निभावलं. खऱ्या उपग्रहाचं इंजिन पेटवायची कमांड दोनदा गेली असती तर, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

अनुक्रमांकाचा वेगळा रकाना घालून हे सुटतं, नाही असं नाही. पण मग प्रत्येक आलेखात, प्रत्येक कक्षा-गणितात ती काळजी वाहायची. नाविकचा उपग्रह सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर जातो. सेकंद चुकला की तेवढा फरक. सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या, पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीचा शून्य मधेच कुणी हलवला असता, तर 2005 चा आणि 2019 चा पूर आपण शेजारी मांडू शकलो असतो का?

अखंड वेळेलाही तिची कटकट आहेच. यूटीसीशी असलेला फरक जपावा लागतो. 2017 पासून जीपीएस 18 सेकंद पुढे आहे. जानेवारी 2016 मध्ये एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना जीपीएस वेळेवरून यूटीसी काढायचे दुरुस्तीचे आकडे सुमारे 13 मायक्रोसेकंदांनी चुकले होते. स्थान दाखवण्यात फरक पडला नाही, पण अचूक वेळेवर विसंबलेल्या काही यंत्रणांना त्रास झाला.

‘2035 पर्यंत लीप सेकंद बंदच होणार, मग कशाला डोकेफोड?’ असं कुणी म्हणेल. 2022 मध्ये तसं ठरलंय खरं. पण 1972 पासून घातलेले 27 सेकंद जुन्या नोंदींतून जाणार नाहीत.

एखादाच छोटा उपग्रह असेल, तर यूटीसी घ्या, बहुतेक निभेल. पण घड्याळ हाच ज्या उपग्रहाचा जीव, तिथे मी तरी अखंड वेळच घेईन. आमच्या नव्या डेटाबेसमध्ये आत अखंड वेळ आहे, यूटीसी फक्त पडद्यावर. रूपांतर एकाच फाइलमध्ये होतं, आणि तिच्यात बदल करायचा तर दोघांची संमती लागते.