पाण्याखालचा अकॉस्टिक मोडेम: उन्हाळा ते हिवाळा वापरल्यानंतर

नागपूरच्या अंबाझरी तलावात तळाशी एक सेन्सर ठेवलाय, तापमान अन् विरघळलेला ऑक्सिजन मोजतो, त्याचा डेटा वर तरंगत्या पिंपापर्यंत आणायचा होता. केबल टिकत नव्हती, कधी मासेमारीच्या जाळ्यात अडकायची तर कधी जलपर्णी ओढून न्यायची. वायफाय-ब्लूटूथचा प्रश्नच नाही, 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यात काही सेंटीमीटरमध्येच मरतो. म्हणून परवानगी घेऊन आवाजावर चालणाऱ्या मोडेमची जोडी बसवली, एक तळाशी, एक पिंपाखाली, मधलं अंतर साधारण 150 मीटर.

स्पीड आधीच सांगतो, 64 बिट प्रति सेकंद. म्हणजे सेकंदाला 8 बाइट. एक एमबीचा फोटो पाठवायचा म्हटलं तर दीड दिवस जाईल. पण मला दर दहा मिनिटांनी दोनच आकडे पाहिजेत, ते एका पाकिटात (म्हणजे एका वेळी पाठवलेल्या डेटाच्या छोट्या गठ्ठ्यात) बसतात, त्यामुळे माझ्यासाठी हा स्पीड पुरेसा आहे भाऊ, व्हिडिओ पाहिजे असेल तं हा रस्ता धरू नका.

खरी गोष्ट उन्हाळ्यात कळली. मे महिन्यात नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, सकाळी सगळी पाकिटं नीट यायची अन् दुपारी दोननंतर निम्मी गायब, सूर्य मावळल्यावर हळूहळू परत सुरू. बॅटरी तपासली, कनेक्टर तपासले, सगळं ठीक. कारण पाण्यातच होतं: वरचा थर तापतो, गरम पाण्यात आवाज जास्त वेगाने जातो (20 अंशाला सेकंदाला साधारण 1482 मीटर, 30 अंशाला 1509), अन् आवाज नेहमी कमी वेगाच्या, म्हणजे थंड पाण्याकडे वळतो, त्यामुळे तळाकडे वाकतो अन् पृष्ठभागाजवळचा मोडेम आवाजाच्या सावलीत राहतो, म्हणजे त्याच्यापर्यंत आवाज नीट पोहोचतच नाही. 1930च्या दशकात अमेरिकन नौदलाचं सोनार (आवाजाने पाण्यातल्या वस्तू शोधणारं यंत्र) असंच दुपारी कमजोर पडायचं, त्याला त्यांनी ‘आफ्टरनून इफेक्ट’ नाव दिलं. वरचा मोडेम एक मीटरवरून चार मीटर खाली सोडला अन् दुपारची गळती जवळपास थांबली. कंपनीच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही, फक्त ‘रेंज 200 मीटर’ लिहिलंय, हे मला अजिबात पटलं नाही, कारण उथळ तलावात रेंज ही मोडेमपेक्षा पाण्याच्या थरांवर ठरते.

पावसाळ्यात दुसरा त्रास. थेंब आदळतात, बारीक बुडबुडे होतात, ते आवाज करतात, जोराच्या सरीत पाकिटं गळतात. त्यावर पुन्हा पाठवायची सोय चालू ठेवली की काम भागतं, बॅटरी मात्र लवकर उतरते कारण ऐकण्यापेक्षा बोलण्यात वीज कितीतरी जास्त लागते. जलपर्णी पिंपाभोवती जमली की अजून वाईट, तिच्या देठांत हवा भरलेली असते अन् पाण्यातून आलेला आवाज हवेला धडकून जवळपास सगळाच परत फिरतो, प्रतिध्वनींची नुसती खिचडी होते. पिंपाभोवतीची जागा साफ ठेवाच.

आवडलेली गोष्ट म्हणजे दोन्ही मोडेममधलं अंतर मोजता येतं, हाक गेली, उत्तर आलं, मधल्या वेळेवरून हिशोब. फक्त त्यात आवाजाचा वेग ऋतूप्रमाणे बदला, नाहीतर 150 मीटरवर दोन-तीन मीटरचा फरक पडतो.

हिवाळ्यात तं मस्तच चाललंय, थर मिसळलेत, दिवसभर एकसारखं. किंमत जास्तच आहे, दुरुस्तीला परदेशात पाठवावं लागतं, तरी मी दुसरी जोडी घेणार आहे. तोतलाडोहसारख्या खोल जलाशयात कोणी असा मोडेम उन्हाळ्यात वापरला असेल तं किती खोलीवर टांगला ते नक्की सांगा.