मूल ज्युरीसमोर की टीव्हीवर?

अमेरिकेत अत्याचाराच्या खटल्यात मुलाने आरोपीसमोर बसून साक्ष द्यायची, की शेजारच्या खोलीतून, टीव्हीवर? १९९० च्या ‘मेरीलँड विरुद्ध क्रेग’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ५-४ मतांनी दुसरी वाटही खुली केली. मात्र आरोपीला पाहून मुलाची वाचाच बसेल, हे आधी न्यायाधीशाला पटावं लागतं.

टीव्हीवरून बोलताना लहानग्यांकडून तपशील कमी निसटतात. तरीही अभिरूप (लुटुपुटूच्या) खटल्यांच्या प्रयोगात ज्युरींना, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांना, हीच मुलं कमी विश्वासार्ह वाटली! मोठ्या खुर्चीत पाय लोंबकळत बसलेलं, हुंदका गिळणारं मूल काळजाला भिडतं. काचेमागचं परकं वाटतं. रडू म्हणजे पुरावा नव्हे, पण ज्युरीही माणसंच. मी टीव्हीच निवडेन.

आपल्याकडे ज्युरी नाही. पॉक्सोत, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, मूल आरोपीच्या नजरेआड असतं आणि वकिलांचे प्रश्नही न्यायाधीशांमार्फतच जातात.