साडी कव्हरची ती खिडकी: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत सहा कव्हरांचा संच ५४९ रुपयांना घेतला. तेच ते, नॉन-वोव्हन कापडाचं, तीन बाजूंनी चेन, वर पारदर्शक खिडकी. निम्म्या जणींच्या कपाटात असतीलच, म्हणून वर्णन करत बसत नाही. आठवड्याभरात पाच तारे देऊन मोकळी झाले होते. कपाट उघडलं की कुठली साडी कुठे आहे ते उचकापाचक न करता दिसायचं, एवढ्यावरच मी खूश. ते तारे आता परत घ्यायला आले आहे. सगळे नाही, का ते कळेलच.

ऑक्टोबरमध्ये भाचीच्या साखरपुड्यासाठी लग्नातली पैठणी काढली. १९९४ साली येवल्याहून आणलेली, वांगी रंगाची, खऱ्या जरीची. तर कव्हर वरच्या कव्हरापासून सुटेचना. ओढलं तर चर्रर्र! खिडकीचं प्लास्टिक पिवळट पडलेलं आणि बोटाला चिकटणारं. आत पदर नेमका त्या खिडकीला टेकलेला. रेशमावर वीतभर मेणचट डाग आणि त्याच्या खाली जरीवर एक काळी आडवी रेघ. साखरपुड्याला नारायणपेठ नेसून गेले आणि तिथे कोणाशी धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी विकणाऱ्यांना फोन. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, रिटर्न विंडो दहा दिवसांची होती." विंडो! मी म्हटलं, बाबा, त्या विंडोबद्दलच तर बोलतेय. चार फोन, सात फोटो, आणि शेवटी १०० रुपयांचं कूपन मिळालं. कशावर? पुढच्या कव्हर खरेदीवर.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "काच लावून ठेवायला ती साडी आहे की फोटो?"

आता या खिडकीबद्दल थोडं बोलू द्या. असं मऊ, पारदर्शक प्लास्टिक बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. उकाड्यात ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि ज्याला प्लास्टिक टेकलंय त्यावर उतरतं. माझं कपाट पश्चिमेच्या भिंतीला. एप्रिल-मे महिन्यांत ती भिंत रात्री दहालासुद्धा गरम असते. वर कव्हरांची चळत एकावर एक, म्हणजे दाबही आलाच. कव्हराचं बाकीचं कापड हवा जाऊ देतं, म्हणून तर ते घ्यायचं. आणि मग त्याच कापडाला मधोमध भोक पाडून प्लास्टिक लावायचं! ही खिडकी झाकणाला नसती आणि कडेच्या पट्टीवर चार बोटं रुंद असती, तरी साडी ओळखू आली असती. कोणालाच सुचलं नसेल?

एवढं लिहून मी पाठवणार होते. पण काळी रेघ डोक्यातून जाईना, कारण ती खिडकीच्या कडेशी जुळत नव्हती. साडी पुन्हा पूर्वीच्या घड्यांवर ठेवून पाहिली. रेघेच्या बरोबर वर ब्लाउजपीसची गुंडाळी यायची, आणि ती मी रबर बँड लावून ठेवली होती. रबर टणक करायला त्यात गंधक घालतात. खरी जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. चांदी आणि गंधक शेजारी आठ महिने ठेवले, वर पावसाळ्याचा दमटपणा, तर काळं पडणारच. म्हणजे डाग खिडकीचा, रेघ माझी. त्या मुलाला फोनवर रेघेवरूनही चार शब्द सुनावले होते, ते मागे घेते. डागाचे नाही.

ड्रायक्लीनिंगवाल्याने पेट्रोल वॉश केला, ३५० रुपये. मेणचटपणा जवळजवळ गेला, उजेडात तिरकं धरलं तरच दिसतो. रेघेला हात लावायला त्याने साफ नकार दिला. घासलं तर काळं जाईल, मुलामाही जाईल. चिंच, लिंबू, टूथपेस्ट असले उपाय सुचवणाऱ्या मैत्रिणींनी हे वाचावं.

सध्याची व्यवस्था अशी. सासूबाईंच्या दोन जुन्या सुती नऊवारी होत्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या. त्यांच्या पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी. अकरा पिशव्या झाल्या, खर्च दोऱ्याच्या रिळाचा. कोणाला नवं मांजरपाट आणायचं असेल तर आधी दोनदा गरम पाण्यातून काढा, कारण त्याला खळ असते आणि कसरीला खळ फार आवडते. (याच कारणाने कडक खळ दिलेली सुती साडी तशीच वर्षभर ठेवू नये. माझी एक इरकल अशीच गेली, तिला चाळणीसारखी भोकं पडली.) डांबरगोळ्या बंद, वेखंडाची पुरचुंडी खणाच्या कोपऱ्यात, साडीला न टेकता. बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या साठवून ठेवल्या होत्या, त्या फेकल्या. एकदा ओल पिऊन बसल्या की तापवल्याशिवाय त्यांचा उपयोग शून्य.

राहिला प्रश्न साडी ओळखण्याचा, ज्यासाठी मी ५४९ रुपये घातले. शिंप्याकडून ब्लाउज आला की सोबत कात्रणं येतात. त्या त्या साडीचं बोटभर कात्रण पिशवीच्या कोपऱ्यावर टाचलं. खण उघडला की एका रांगेत वांगी, मोरपंखी, आमसुली अशा चिंध्या दिसतात. खरं सांगायचं तर खिडकीपेक्षा हे लवकर सापडतं. दर तीन महिन्यांनी पिशव्या रिकाम्या करून घड्या बदलते, म्हणजे एकाच रेघेवर जर मोडत नाही. पदर आता आतल्या बाजूला.

आता कव्हरांचं जे चांगलं ते सांगते. चेन उत्तम. आठ महिन्यांत एकदाही अडकली नाही, कापड दातांत धरलं नाही. शिवणही एका ठिकाणी उसवलेली नाही. म्हणून तारे दोन, दोन्ही चेनला. फेकायचा जीव होईना, तेव्हा चार कव्हरांच्या खिडक्या कात्रीने कापल्या आणि तिथे जुन्या मलमलच्या ओढणीचे तुकडे शिवले. त्यात आता जॉर्जेट आणि शिफॉन. उरलेल्या दोघांत ह्यांचे स्वेटर, खिडकीसकट. कूपनची मुदत डिसेंबरपर्यंत आहे, कोणाला हवं असेल तर घेऊन जा.